शनिवारी सोडलेले बूट

वच्छलाला दुसऱ्याचं चांगलं पाहवत नाही असं कोणी म्हणालं, तर ते साफ खोटं आहे. शेजारच्या मळ्यात वांगी दुप्पट निघोत, समोरच्यांकडे नवा ट्रॅक्टर येवो, वच्छला स्वतः जाऊन त्या ट्रॅक्टरला हळदकुंकू लावून आली होती. गावातल्या कोणाचंही चांगलं तिला चालायचं. फक्त एका बाईचं चांगलं तिच्या घशाखाली उतरत नसे, आणि नशीब पाहा, ती बाई नेमकी भिंतीपलीकडे राहत होती. गोदाबाई, तिची धाकटी जाऊ.

तिवशाच्या कडेला, नागपूर रोडवरच्या ट्रकचे भोंगे ऐकू येतात तिथे, दोघा भावांची दोन घरं आणि मधे एकच अंगण. थोरला खुशालराव, म्हणजे वच्छलाचा नवरा, मळ्यात पालक, वांगी आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या काढायचा. धाकटा केशवराव वरूडला संत्र्याच्या पॅकिंगवर मुकादम होता, पंधरा दिवसांनी घरी यायचा. आणि त्याची बायको ही गोदा. सकाळी बाजारात भाजी विकायची आणि दुपारी अंगणात पोतं अंथरून जगाच्या फाटक्या चपला शिवत बसायची.

हो, चपला. पिढ्यानपिढ्या भाजीच्या मळ्यात राबणाऱ्या घरातली सून, आणि हातात मोच्याची आरी अन् रापी! तिवशाच्या बाजारात पंधरा वर्षं तिचं भाजीचं दुकान एका म्हाताऱ्या मोच्याच्या शेजारी लागायचं. गिऱ्हाईक नसलं की ही त्याच्या हातांकडे पाहत बसे. पाहता पाहता शिकली. म्हातारा गेला तेव्हा त्याच्या लेकाला मोबाईलचं दुकान टाकायचं होतं, म्हणून त्यानं बापाची हत्यारं हिलाच देऊन टाकली.

बरं, शिवते तर शिवू दे. पण गोदा साठवायचीही. घरात पत्र्याची मोठी कोठी होती, एकेकाळी ज्वारीची. ती तिनं चपलांनी भरली. साध्या रबरी स्लिपरा, प्लास्टिकच्या चपला, कापडी बूट. धुऊन, पुसून, नवे पट्टे घालून, तळव्यांवर चुलीची राख चोळून, म्हणजे वऱ्हाडच्या उन्हाळ्यात रबर रबराला चिकटू नये. मधे कडुनिंबाचा पाला. प्रत्येक जोड सुतळीनं बांधलेला आणि त्यावर नंबराची चिठ्ठी. एवढी निगा वच्छलानं लग्नाच्या शालूचीही घेतली नव्हती.

"काहून एवढा पसारा करून ठेवते वं?" वच्छला विचारायची.

"वाईट दिवस काई सांगून येत नाईत, बाई," गोदा दाभणात दोरा ओवत म्हणायची. "भुकेल्याले भाकर कोनीबी देते. पायातलं कोनी देत नाई."

वच्छला मनात म्हणायची, आली मोठी शहाणी.

आणि मेले ते वाईट दिवस खरंच आले! लॉकडाऊन लागला. मे महिन्याचं ऊन, नागपूर रोडवरून माणसांची रीघ, डोक्यावर बोचकी, कडेवर लेकरं, आणि पायात काही म्हणजे काही नाही. कोणाच्या पायाला फडकी बांधलेली, कोणाच्या पायाला पाण्याच्या चपटलेल्या बाटल्या. गोदानं कोठीचं झाकण उघडलं. आठ दिवसांत कोठी रिकामी झाली. तरी ती रोडच्या कडेला बसून रस्त्यात तुटलेले पट्टे जोडून देत होती.

आता नीट ऐका, कारण वच्छलाच्या पोटातलं दुखणं इथूनच सुरू होतं. त्याच आठ दिवसांत, त्याच रोडवर, वच्छलानं काय कमी केलं होतं? रोज पहाटे उठून परात परात कणीक मळली, पोळ्या लाटल्या, पातेलंभर पिठलं रटरटवलं. डाव्या मनगटावर वाफेनं भाजल्याचा डाग अजून आहे. पण पेपरात फोटो कोणाचा आला? गोदाचा. एका लेकराच्या पायात चपल घालताना. मोझरीच्या महिला मंडळानं शाल-श्रीफळ कोणाला दिलं? गोदाला. खाल्लेली पोळी पोटात गेली आणि विषय संपला. पिठल्याचा फोटो कोण काढतो? चपल मात्र पायात दिसते, माणूस नागपूरला पोचतो तरी दिसतच राहते. त्या समारंभाला वच्छला पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती आणि तळपायाची आग मस्तकात जात होती.

या गोष्टीला आता पाच वर्षं झाली. आग काही विझली नव्हती, नुसती राखेखाली गेली होती. तिच्यावर फुंकर घातली ती वच्छलाच्या पोटच्या पोरीनं.

प्रणाली वीस वर्षांची. पोलीस भरतीसाठी पळत होती. मागच्या खेपेला एका मार्कानं हुकली, तेव्हा तीन दिवस पोरीनं तोंडात घास घेतला नव्हता. यंदाही नाही झालं तर पुढच्या वैशाखात तिचं लग्न उरकायचं, असं खुशालरावानं सांगूनच टाकलं होतं. त्यामुळे पोर रोज तांबडं फुटलं की रोडच्या कडेनं पळायची. तिचे कापडी बूट स्वस्तातले, दोन महिन्यांत तळवा जबडा वासून बसला. बूट घेऊन ती कुठे गेली? आईकडे? छे! सरळ भिंतीपलीकडे.

गोदानं तळवा शिवून दिला, खताच्या पोत्याच्या लाल नायलॉन दोऱ्यानं. टाचेखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा बसवला. प्रणाली अंगणात दोन चकरा मारून आली आणि ओरडली, "आई, काकूनं काय भारी शिवला वं! पाय कसा हलका वाटून रायला!"

"हलका वाटते तं जाय मग उडत," वच्छला भाजीच्या जुड्या बांधत म्हणाली.

नंतर तर रोजचंच झालं. काकू असं म्हणते, काकू तसं म्हणते. पळून आली की पोर आधी काकूच्या ओट्यावर टेकायची, तिच्याच हातचं पाणी प्यायची, तिच्यापुढे पाय पसरून बसायची. आणि गोदा त्या पायांकडे असं निरखून पाहायची, की वच्छलाला वाटायचं, बाई, तो पाय माझ्या पोटात वाढलाय, तुझ्या कोठीत नाही!

मग एक दिवस वच्छला कोणाला न सांगता अमरावतीला गेली. दिवाळीला साडी घ्यायची नाही असं ठरवून जे बाजूला टाकलं होतं, त्याचे बूट घेतले. नवेकोरे, निळे, आडव्या पांढऱ्या पट्ट्यांचे. दुकानदारानं नंबर विचारला. नंबर कोणाला ठाऊक? आदल्या दुपारी पोर झोपली असताना वच्छलानं तिचा पाय हातानं मोजला होता. एक वीत आणि तीन बोटं. तिनं तशीच काउंटरवर वीत ठेवून दाखवली. पोरीला विचारून घेतले असते तर त्यात गंमत काय राहिली असती?

प्रणालीनं बूट पाहिले आणि आईच्या गळ्यातच पडली. वच्छला त्या दिवशी भाजी विकताना प्रत्येक गिऱ्हाइकाला मूठभर सांबार जास्तीचं टाकत होती. गोदा बाजूलाच बसली होती, तिला दिसावं म्हणूनच.

दोन दिवस पोर नव्या बुटांत पळाली. तिसऱ्या दिवशी वच्छलाला ओट्याखाली खोकं दिसलं. उघडून पाहते तर निळे बूट आत, आणि पोर गेली होती ते लाल टाक्यांचे बूट घालून. आल्यावर टाचेला पट्टी दिसली.

"चावतात जरासे," प्रणाली खाली मान घालून म्हणाली. "होतीन मोकळे हळूहळू."

पलीकडून गोदा म्हणाली, "आना बाई इकडं, ढिले करून देतो."

"हात नको लावू त्याले!" वच्छला एवढ्या जोरात ओरडली की ओट्यावरची मांजर पळाली. तिनं खोकं उचललं आणि आत फळीवर नेऊन ठेवलं.

भरती मंगळवारी होती. शनिवारी संध्याकाळी वच्छला मारुतीला निघाली, तेव्हा तिच्या पिशवीत तेलाची बाटली होती, रुईच्या पानांची माळ होती, आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेले प्रणालीचे जुने बूट होते.

त्याचं असं आहे. मारुतीच्या पाराला लागून शनीची शिळा आहे. साडेसाती असलेली माणसं शनिवारी तिथे तेल वाहतात आणि पायातला जोड तिथेच सोडून, मागे वळून न पाहता, अनवाणी घरी येतात. जोडाबरोबर पीडाही सुटते. सोडलेल्या जोडाला कोणी हात लावत नाही, कारण हात लावेल त्याच्यामागे ती पीडा लागते. प्रणालीची रास मीन. साडेसाती तिच्या मागे हात धुऊन लागली आहे, असं गुरुजींनीच सांगितलं होतं. म्हणजे आईनं लेकीचे बूट सोडले तर त्यात वाईट काय? वच्छलानं हे स्वतःला रस्ताभर समजावलं. पण बूट शिळेपाशी ठेवताना तिच्या तोंडून जे निघालं ते साडेसातीबद्दल नव्हतं. ती पुटपुटली, "देवा, त्या बाईचा हात माह्या पोरीवरून निघू दे." मग तिनं उरलेलं तेल शिळेवर ओतलं, ते ओघळून बुटांवर गेलं, आणि ती मागे न पाहता घरी आली. स्वतःच्या चपला मात्र पायातच होत्या. ते तिच्या ध्यानातही आलं नाही.

रविवारी सकाळी घरात गोंधळ उडाला. प्रणालीनं ओट्याखाली, मोरीत, गोठ्यात, सगळीकडे बूट शोधले. "आई, माह्ये बूट पाह्यले का वं?"

"कुत्र्यानं नेले असतीन," वच्छला पोळी उलटत म्हणाली. "नवे हायेत ना, ते घाल."

गोदा अंगणात उभी होती. तिचे केस धुळीनं भरलेले, हातात रिकामं पोतं, कुठून तरी नुकतीच आलेली दिसत होती. तिनं आधी प्रणालीकडे पाहिलं, मग वच्छलाकडे पाहिलं.

"कुत्रं एकच नेते, बाई," ती शांतपणे म्हणाली. "जोडी जुळवून नाई नेत." आणि आपल्या घरात निघून गेली.

चोराच्या मनात चांदणं. वच्छलाची पोळी तव्यावर करपली.

सोमवारी सकाळी प्रणाली निळे बूट घालून पळायला गेली आणि अर्ध्या वाटेतून लंगडत परत आली. टाचेचा फोड फुटून मोजा रक्तानं चिकटला होता. ती रडली नाही. ओट्यावर बसून मोजा सोलून काढला आणि म्हणाली, "अनवानी पळतो उद्या. बाकीच्या बी काई जनी पळतात." त्या आवाजानं वच्छलाच्या काळजाचं पाणी झालं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती! ती तशीच उठली, डोक्यावर पदर घेतला आणि भर उन्हात मारुतीच्या पाराकडे सुटली. गेली पीडा खड्ड्यात, बूट उचलून आणायचे, धुवायचे, सापडले म्हणून सांगायचं.

शिळेपाशी बूट नव्हते. एकही जोड नव्हता. शनिवारी इथे पंधरा-वीस जोड तरी पडले होते.

पाराखाली जाईबाई रुईच्या माळा विकायला बसायची. म्हातारी, पण नजर ससाण्याची. वच्छलानं तिला विचारलं, "इथचे जोडे कोनी नेले?"

"इथचं सोडलेलं कोन नेते वं?" जाईबाई हसली. "एक तुमची गोदाबाईच हाय तशी हिंमतवाली. दर अयतवारी तांबडं फुटाच्या आंधी येते पोतं घेऊन. धा वर्सं झाली. तुमाले मालूम नाई?"

 खोटं कशाला सांगू, वच्छलाच्या अंगावरून आनंदाची लहर गेली. अस्सं! म्हणजे ती नावाजलेली कोठी या जोड्यांनी भरते होय! लोकांनी शनीला सोडलेली पीडा ही बया घरात भरते, राख चोळते आणि गोरगरिबांच्या पायात घालते! याच्यावर शाल घेतली, याच्यावर नारळ घेतला! आता भर अंगणात उभं राहून सांगते. साऱ्या आळीला ऐकू जाईल असं सांगते. मोझरीच्या बायकांनाही कळू दे. ती परत निघाली ती जवळजवळ धावतच.

बसस्टँडच्या वळणापर्यंत हा आनंद टिकला. तिथे तिचे पाय अडखळले. गोदा रविवारी पहाटे आली होती. तिनं सगळे जोड उचलले. त्यात लाल दोऱ्याचे टाके घातलेले बूटही उचलले. स्वतःच्या हातचा टाका कोणाला ओळखू येत नाही? म्हणजे गोदाला कालपासून सगळं माहीत होतं. गोदाचं बिंग फोडायचं तर पहिला प्रश्न हाच येणार, की वच्छलाबाई, तुम्ही तिथे काय शोधत होतात?

ती घरी पोचली तेव्हा प्रणाली डोक्यावरून चादर घेऊन पडली होती. वच्छला आयुष्यात पहिल्यांदा आपणहून भिंतीपलीकडे गेली.

गोदा कोठीजवळ बसली होती. तिच्या मांडीवर तेच बूट होते.

"तू पारावरचे जोडे उचलतं," वच्छला दारातूनच म्हणाली.

"हो."

"लोकाची पीडा घरात आनतं?"

"पीडा अनवानी चालनाऱ्याले असते, बाई. जोड्याले कायची पीडा?" गोदानं मान वर केली नाही. "लोकाइले सांगतलं तं कोनी पायात घालनार नाई. म्हनून नाई सांगतलं. तुमाले सांगाचं असन तं सांगा."

वच्छलाच्या जिभेवर शंभर गोष्टी होत्या. पण त्याआधी गोदाच सांगू लागली. बूट धुतले, दोनदा धुतले, पण तेल चिकटवलेल्या जागी मुरलं होतं. शिवून पाहिलं तरी तळवा सुटत होता. चालायला चाललं असतं, पळायला नाही.

"मले वाटलं कालच येसान मागाले," ती म्हणाली. एवढंच. का सोडले म्हणून विचारलं नाही. तिनं विचारलं असतं, चार शिव्या दिल्या असत्या, तर वच्छलाला बरं वाटलं असतं.

"आता काय करू वं गोदा?" शेवटी वच्छला म्हणाली आणि उंबऱ्यावरच बसली.

"निळे आना. अन् शेरभर हरभरे आना."

वच्छलानं ओट्यावर पडलेले निळे बूट आणले, डब्यातले हरभरे आणले. गोदानं बुटातली गादी उचलून आत बोटं घातली आणि विचारलं, "माप कसं घेतलं होतं?"

"झोपली होती तवा. वितीनं."

"झोपेतला पाय अन् उभा पाय एक नसते, बाई. अंगाचा भार पडला की पाय पसरते." तिनं टाचेमागचं टणक पुठ्ठ्यासारखं काहीतरी रापीनं कापून काढलं आणि तिथे जुन्या लुगड्याची मऊ घडी शिवली. मग गरम पाण्यात टाकलेले हरभरे दोन पुरचुंड्यांत बांधून पार बोटांच्या टोकापर्यंत ठासले. "हे फुगतीन तसा बूट पसरन. दिवे लागनीपर्यंत राहू द्या. मंग चुलीजवळ वाळवा. पोरीले सांगा, मोच्याकडून ढिले करून आनले म्हनून."

"तुह्यं नाव नको सांगू?"

"काहून सांगता? बूट तुमचा हाय."

वच्छला बूट घेऊन परत आली. मोठेपणा तर पाहा! बाई, तू माणूस आहेस की काय आहेस? तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते उपकाराचं की जळफळाटाचं, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

मंगळवारी पहिल्या बसनं प्रणाली अमरावतीला गेली. निळे बूट पायात होते. वच्छलानं दिवसभरात तीनदा भाजीला मीठ टाकलं. दुपारी फोन वाजला आणि पलीकडून पोर किंचाळतच होती. आठशे मीटर मागच्यापेक्षा अकरा सेकंद आधी मारलं होतं. गोळाफेकीतही चांगले मार्क होते. "आई, तुह्या बुटात पळाली मी! काई टोचलं नाई, काई नाई! नुसती उडून रायली होती!"

हेच ऐकायला वच्छला इतकी वर्षं तडफडली होती. आता कानात पडलं तर तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

संध्याकाळी अंगणात माणसं जमली. खुशालरावानं पेढे आणले आणि वैशाखातल्या लग्नाचं तो अवाक्षर बोलला नाही. शेजारणी म्हणत होत्या, "माय असावं तं असं. स्वतःले लुगडं नाई घेतलं, पोरीले बूट घेतले." गोदा आपल्या पोत्यावर बसून एका स्लिपरचा पट्टा ओढत होती, जणू तिचा या गावाशी संबंधच नव्हता. प्रणालीनं आईच्या गळ्यात हात टाकला, मोबाईल काढला. "आई, बूट हातात धर. फोटो काढू तुह्या अन् बुटाचा. स्टेटसले ठेवतो."

फोटो! पाच वर्षांनी का होईना, वच्छलाचा फोटो. तिनं पदर सारखा केला. बूट घामानं ओले होते म्हणून प्रणालीनं आधी आतली गादी ओढून काढली आणि बूट उपडा करून झटकला.

बुटाच्या पार टोकात अडकलेला एक हरभरा टप्पकन खाली पडला. फुगलेला, गोल, मोड यायच्या बेतात.

"हे काय?" प्रणालीनं तो उचलला. "मोच्याकडून आनलेल्या बुटात हरभरा कुठून आला?"

वच्छलानं पदर पुन्हा सारखा केला. आणि गोदा, मान वर न करता, पट्टा ओढता ओढता म्हणाली, "उंदरानं नेला असन बाप्पा. बाईच्या घरात उंदीर का कमी हायेत?"

सगळे हसले. झालं, मिटलं. कोणाला काही कळलं नसतं. फोटो निघाला असता, स्टेटसला लागला असता. पण गोदानं ज्या सहजपणे ते खोटं फेकलं, तेच वच्छलाच्या जिव्हारी लागलं. म्हणजे झाकायचंही हिनंच? माझं पापही हीच पोटात घालणार, आणि मी त्याच्यावर पदर सावरून फोटो काढणार?

"नाई!" ती कडाडली. "उंदीर नाई अन् फुंदीर नाई. हरभरे हिनं भरले. बूट हिनं ढिला केला, मोच्यानं नाई. अन् तुह्ये जुने बूट कुत्र्यानं नाई नेले. मी सोडले शनीपाशी. मी! मले पाहवलं नाई म्हनून."

 प्रणालीचा हात आईच्या गळ्यातून हळूच निघाला. तिनं मोबाईल खिशात टाकला, हरभरा मुठीत घेतला आणि घरात गेली. खुशालराव पेढ्यांचं खोकं धरून उभाच राहिला. शेजारणी एकेक करून सटकल्या, आता त्यांना घरोघरी पुष्कळ काम होतं.

"काहून सांगतलं, बाई?" गोदा म्हणाली. पहिल्यांदाच तिच्या आवाजात चीड होती. "मी झाकलं होतं ना."

"तूच झाकशीन! तूच शिवशीन, तूच साठवशीन, तूच वाटशीन!" वच्छलाला रडू फुटलं. "मले काई करायले ठेवशीन का नाई? पाच वर्सं झाली, साऱ्या गावाच्या पायात तू हायेस. माह्या पोरीच्या बी!"

गोदानं हातातला पट्टा खाली ठेवला. हा हिशेब तिच्या डोक्यात कधी आलाच नसावा. मग तिनं पोत्यावरच्या चपला बाजूला सारून जागा केली आणि म्हणाली, "त्या आठ दिवसांत तुमी बांधून देलेल्या पोळीवर मी शिवत होती, बाई. दोन घास तोंडात जात तवा दाभन चाले. मले वाटलं तुमाले मालूम हाय." तिनं एक जुना जोड वच्छलापुढे टाकला. "बसा. पट्टे काढा याचे."

वच्छला नाक पुसत बसली आणि पट्टे उपसू लागली. बोटं काळी झाली. 

थोड्या वेळानं दारात प्रणाली आली. डोळे लाल होते, पायात काही नव्हतं. हातात घरात घालायची जुनी चपल होती, अंगठा तुटलेली. ती पोत्यापाशी आली, क्षणभर काकूकडे पाहिलं, मग खाली वाकून ती चपल आईपुढे ठेवली.

"अंगठा तुटला हिचा," ती रुसक्या आवाजात म्हणाली आणि आत गेली.

वच्छलानं ती चपल उचलून उलटीपालटी केली. तिला शिवता कुठे येत होतं? ती गोदाकडे वळली आणि घुश्शातच म्हणाली, "दे ते दाभन इकडं." गोदानं दाभण दिलं, लाल दोऱ्याची रीळ सरकवली आणि मुद्दाम दुसरीकडे तोंड करून बसली. पहिला टाका वच्छलाच्या बोटात गेला. दुसरा वाकडा पडला. तिसरा घालण्याआधी तिनं शेजारच्या स्लिपरवरचे गोदाचे टाके पाहिले, एका रेषेत, मोजून घातल्यासारखे, आणि तिच्या पोटात पुन्हा तीच कळ उठली. मग तिनं दोरा उसवला आणि पहिल्यापासून शिवायला घेतलं.